स्टॉर्स ते नॉर्थॅम्प्टन : शेतीच्या मास्तरांची वाट

कनेटिकटमधल्या स्टॉर्सजवळून 32 क्रमांकाच्या रस्त्यानं उत्तरेला निघालं की रानात दगडी बांध दिसू लागतात. आज तिथं ओक आणि मेपल माजलेत, पण बांध सांगतात की ही एके काळची शेतं नि कुरणं आहेत. दगड वेचता वेचता पिढ्या दमल्या, आणि पश्चिमेची सपाट जमीन खुली झाल्यावर पुष्कळांनी हे शिवार सोडलं. अमेरिकेतल्या हायस्कुलांत शेती कशी शिकवावी, याला वळण लावणाऱ्या रुफस स्टिमसन यांचा मुलूख हाच. त्यांचं जन्मगाव पामर याच रस्त्यावर, पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये लागतं. जन्म 1868 चा. पण हा माणूस शेतकीचा पदवीधर नव्हे. हार्वर्डला तत्त्वज्ञान, येलला धर्मशास्त्र, मग स्टॉर्सच्या शेतकी कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक आणि 1901 पासून तिथलेच अध्यक्ष. 1908 मध्ये ते पद सोडून ते नॉर्थॅम्प्टनला, नव्यानं उघडलेल्या स्मिथ शेतकी शाळेचे प्रमुख म्हणून गेले. कॉलेजच्या खुर्चीवरून उठून पोरांच्या शाळेत! आपल्याकडे चौकशी लागली असेल, अशीच शंका लोकांनी घेतली असती.

शेती शिकवणाऱ्याचे हात मातीत मळलेले हवेत, हे आपण सहज बोलून जातो. पामर सोडून बेल्चरटाउनमार्गे हॅडलीकडे जाताना मला हे विधान अपुरं वाटत राहिलं. हॅडलीत कनेटिकट नदीचा गाळ पसरलेला आहे; दगड संपतात, शतावरी आणि तंबाखूची शिवारं लागतात. तंबाखू वाळवायच्या लांबलचक कोठारांच्या भिंतीतल्या काही उभ्या फळ्या बिजागरीवर उघडतात. किती उघडायच्या, कधी मिटायच्या, हे त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. दगडाळ पामर आणि गाळाचं हॅडली यांच्यात फार अंतर नाही, पण एकीकडचा धडा दुसरीकडे जसाच्या तसा चालायचा नाही. एका मास्तराचे हात एकाच मातीत मळलेले असतात. वर्गातली पोरं मात्र वेगवेगळ्या मातीतून आलेली. म्हणून मास्तर कुठून आला यापेक्षा तो धडा कुठे नेतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्टिमसन यांनी तो पोराच्या घरी नेला. शाळेच्या शेतावर सगळ्यांनी मिळून खुरपायचं, हा तोवरचा सोपा मार्ग. त्यात पीक बुडालं तर नुकसान शाळेचं, पोराला फार तर गुण कमी. स्मिथ शाळेत प्रत्येकानं आपल्या घरच्या शेतावर एक काम अंगावर घ्यायचं ठरलं : बटाट्याचा तुकडा, कोंबड्या, एखादी गाय. बियाणं, खत, चारा, स्वतःची मजुरी, विक्री, सगळं वहीत मांडायचं. वर्गात त्याच कामाला लागेल तेवढं शास्त्र. उन्हाळ्यात शाळा बंद, पण शिक्षकाची नोकरी चालूच. तो शेतांवर फिरून पिकं आणि वह्या दोन्ही पाहायचा. 1914 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं या पद्धतीवरची त्यांची पुस्तिका छापली, आणि 1917 च्या स्मिथ-ह्यूझ कायद्यानं शेतकी शिक्षणात वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम बंधनकारक केलं. कायद्यानं शाळेचं शेतही चालवून घेतलं, ही तडजोड. पण देखरेख हा शब्द राहिला. आपल्याकडच्या कार्यानुभवात नेमकी तीच गळाली आणि फाइल उरली.

यावर कुणी म्हणेल, तत्त्वज्ञान शिकलेल्याला करपा काय कळणार? खरं आहे, आणि म्हणूनच शेतकी जाणणारे शिक्षक लागतातच. पण जाणकाराचा एक दोषही असतो : त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, मग तो पोराला चुकू देत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ज्याच्या घरी जमीनच नाही, त्यानं काय करायचं? बापाची शंभर एकर असलेला आणि परसात चार वाफे असलेला, दोघांच्या वह्या सारख्या कशा? स्टिमसन यांची योजना शेतकऱ्यांच्या पोरांसाठीच होती, आणि ही तिची खरी मर्यादा आहे. 1963 च्या व्यावसायिक शिक्षण कायद्यानं शेतीबाहेरच्या पण शेतीशी जोडलेल्या कामांनाही दार उघडलं, त्यामागे शेतावरची घटत चाललेली वस्ती होतीच.

पूल ओलांडून नॉर्थॅम्प्टनला पोचलं की स्मिथ शाळा आजही आहे, आता इतर व्यवसायांसकट. तिथं शाळेची स्वतःची गुरं आहेत, म्हणजे स्टिमसन यांना पुरेशी न वाटलेली सोयच. मला यात विसंगती वाटत नाही. जमीन नसलेल्या पोराला शाळेचा गोठा मिळायलाच हवा. मात्र त्यातलं एखादं वासरू त्याच्या नावावर, त्याच्या वहीत हवं, आणि रविवारी सकाळी चारा कुणी घातला, हे सोमवारी मास्तरांनी त्यालाच विचारायला हवं.