लोखंडी आरामखुर्ची

जुनी वस्तू घरात आणताना रूप मागाहून पाहावे, आधी हाड तपासावे. मुंबईच्या चोरबाजारात लोखंडी आरामखुर्ची दाखवताना दुकानदार ती हटकून साहेबाच्या बंगल्यातली असल्याचे सांगतो. आपण हसून खुर्ची उलटी करावी. तिची कुंडली पोटाशी असते. वरवरचा तांबूस गंज घासून जातो, पण टोचल्यावर पापुद्रे सुटले तर लोखंड आतून खाल्ले गेले समजावे. बिडाच्या नक्षीवर भाळू नये. बीड ठिसूळ, आपटले की तुटते आणि सांधायला अवघड. घडीव लोखंड वाकते, पण लोहार ते सरळ करून देतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा खरवडू नये, मुलांजवळ तर नाहीच.

मग बसून पाहावे आणि मुख्य म्हणजे उठून पाहावे. आईचे गुडघे धरलेले. सगळ्यांत देखणी खुर्ची होती बुटकी. तीतून आईला उठवायला दोघे लागले असते. मी साधीच घेतली : बैठक जमिनीपासून १८ इंच, हात रुंद. आई त्या हातांवर भार देते आणि कुणाला हाक न मारता उठते. तिच्या लेखी खुर्चीची शोभा तेवढीच, आणि मलाही ती पुरते.