दादरवाली

लोकलच्या लेडीज डब्यात बसलेल्या बाईला पहिला प्रश्न येतो तो ‘कुठे?’ एवढाच. उत्तरात नाव-गाव नाही, उतरायचं स्टेशन सांगायचं. ती ‘दादर’ म्हणाली, की उभी असलेली बाई तिची सीट मनातल्या मनात आपल्या नावावर करून टाकते. 2013 साली लग्न होऊन मी चिपळूणहून डोंबिवलीत आले आणि आठ-वीसच्या सुमाराच्या फास्टमध्ये माझं बारसं झालं : दादरवाली.

आमच्या घोळक्यात एक घाटकोपरवाली, एक भायखळावाली आणि सीएसटीपर्यंत जाणाऱ्या, मंत्रालयातल्या मावशी. महिन्याभरात मला त्यांचं सगळं पाठ झालं. कुणाच्या नवऱ्याला रात्रपाळी आहे, कुणाची सून भेंडी न पुसताच चिरते, मावशींचा कोणता गुडघा कोणत्या जिन्यावर बोलतो. माझ्याकडे वळून ‘तुझं काय गं?’ म्हटलं, की माझं ठरलेलं : ‘चाललंय.’

घरातलं दाराबाहेर न्यायचं नाही, हे आईने लहानपणीच पक्कं केलेलं. शिवाय भीतीही होती. नव्या लग्नाच्या मुलीने एक गोष्ट सांगितली, की दुसरा प्रश्न ‘मग गोड बातमी कधी?’ असाच येतो. त्यापेक्षा ‘चाललंय’ बरं.

एकदा मेथी निवडता निवडता मावशी म्हणाल्या, “तुला काही विचारलं ना, की कस्टमर केअरला फोन लावल्यासारखं वाटतं.”

डबा हसला. मीही हसले, पण लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्याचं उट्टं काढलं. डोंबिवली सुटली आणि मी सगळंच ओतलं : नवऱ्याची नोकरी गेलेली, घराचा हप्ता थकलेला, सासूबाईंनी बोलणं टाकलेलं. मेथी निवडणारे हात थांबले. “होईल गं नीट,” म्हणून भायखळावाली खिडकीबाहेर बघायला लागली. पुढचे काही दिवस सगळ्या माझ्याशी दवाखान्यात भेटायला आल्यासारख्या हळू आवाजात बोलायच्या. चूक माझीच. वडापावच्या गाडीवर पाचशेची नोट पुढे केली होती. समोरचा सुट्टे आणणार कुठून?

मग शिमगा आला. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. (2022 पासून त्या मुंब्र्यावरून जातात.) 1916 सालचा हा बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त. उघड्या खिडक्यांतून असा खडखडाट आत घुसायचा, की दिवा स्टेशन सोडून गाडी आत शिरताच बोलणारी तोंड उघडं ठेवून गप्प बसायची आणि बाहेर पडल्यावर वाक्य पुरं करायची. माझं टायमिंग नेमकं तिथे चुकलं. मी म्हणाले, “परवा मी पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या, पण पुरण एवढं सैल झालं, की...” आणि अंधार झाला.

कुणी ऐकलंच नाही. बरं झालं, असंही वाटून गेलं. पुरणात सांगण्यासारखं काय असतं? त्या मिनिटभरात मी विषय पुसून टाकला होता. उजेड आला तशी घाटकोपरवाली माझ्याकडे झुकली, “काय गं? पुरणाचं काय?”

“वाटीत घालून चमच्याने खाल्लं ह्यांनी.”

झालं! डाळ निथळवलीस का? किती वेळ? गूळ आधी घातलास की डाळ आटल्यावर? पुरणात चमचा उभा राहायला हवा. यंत्र की पाटा? यावर दोन सीटांमध्ये भांडण पेटलं. पलीकडच्या अनोळखी बाईने मान वळवून जायफळाचा मुद्दा मांडला. घाटकोपरवाली गुळाचा हिशोब अर्धा टाकून उतरली. दादरला उतरायचं तर कुर्ल्यापासूनच दाराकडे सरकावं लागतं, ते मी विसरले. मग सगळ्यांनी मिळून मला ढकलत नेलं.

दाराशी मावशी उभ्या होत्या. पर्स सांभाळत त्यांनी हळूच विचारलं, “आणि त्याच्या नोकरीचं?”

“नाही अजून.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “कट फेकून दिला असशील ना? पुढच्या वेळी आमटी कर.”