एकाचा फासा चुकला म्हणून

उन्हाळ्याच्या सुट्टीत रविवारी रात्री जुन्या नाशकातल्या आमच्या घरी पाच जण खेळायला यायचे. फासे दिसले आणि अम्मीच्या कपाळाला आठी पडली. पैसे लावत नाही, गोष्ट रचतो, हे तिला दोनदा समजवावं लागलं. १९७४ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जातीचा हा खेळ. प्रत्येकाचं एक पात्र. काम अवघड असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. ठरलेला आकडा पडला तर जमलं. गोष्ट पुढे नेण्याचं काम माझ्याकडे.

मी रामशेज निवडला. दिंडोरी तालुक्यातला हा किल्ला. १६८२ मध्ये मोगल फौजेने वेढा घातला, तरी तो काही वर्षं पडला नाही. आमच्या पाच पात्रांनी रात्री छावणीतून लपत धान्य वर न्यायचं होतं. मी म्हणालो, सगळ्यांनी फासा टाका, प्रत्येकाला नऊ किंवा जास्त हवेत. चौघांना जमलं. माझ्या भाच्याला दोन पडले. पहारेकरी जागे झाले, गोण्या गेल्या. कोणी काही बोललं नाही, फक्त सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "मामू, तुम्ही सगळे वर जा. मी खाली घोडे सांभाळतो."

मग मी कागदावर हिशेब मांडला. नऊ किंवा जास्त पडण्याची शक्यता शंभरात साठ. पण पाचही जणांना एकाच वेळी जमायचं तर शंभरात जेमतेम आठ. म्हणजे भाचा नसता तर दुसरं कोणीतरी चुकलं असतं. चूक माझ्या नियमात होती. उलट, एकाला जमलं तरी पुरे म्हटलं तर शंभरात नव्व्याण्णव वेळा जमतं; मग फासा टाकायचाच कशाला?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत मधली वाट आहे: निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं, तर सगळ्यांना जमलं. पाचांत तिघे, शंभरात अडुसष्ट वेळा. हे सगळीकडे लावू नये. शिलालेख एकाला वाचता आला तरी पुरतं. खंदकावरून उडी ज्याची त्याने मारायची. पण सोबत चालायचं असेल, तिथे हाच नियम बरा.

मी एक भर घातली. ज्याला जमलं, त्याने न जमलेल्याला कसं सांभाळलं ते सांगायचं.

"घोडे राहू दे," मी भाच्याला म्हणालो, "चल."

त्याला चार पडले. त्याने मान खाली घातली. शेजारचा मित्र म्हणाला, "याचा पाय घसरला. मी गोणी धरली, याला झुडपामागे ओढलं. पहारेकरी पुढे निघून गेला."

तिघांना जमलं होतं. धान्य गडावर पोहोचलं.

निघताना भाच्याने विचारलं, "मामू, पुढच्या रविवारी किती वाजता?"