चुन्याचा हात

छत्तीस वर्षें कोंकणांतील एका गांवीं शिक्षकी व निवृत्तीनंतर आणखी कांहीं वर्षें शिकवण्या करून आम्ही गेल्या मार्गशीर्षांत पुण्यास, नारायण पेठेंतील वडिलार्जित वाड्यांत, सहकुटुंब परत राहावयास आलों. परत आलेल्या माणसास आपल्याच घरांत कोठें निजावें असा प्रश्न पडतो, हें ज्यानें अनुभविलें असेल त्यासच कळेल. थोरले बंधु जाऊन सहा वर्षें झालीं. वहिनी, पुतण्या, सूनबाई व त्यांचीं दोन मुलें असा घरचा परिवार. त्यांत आम्हां उभयतांची भर. तेव्हां खोल्यांची व्यवस्था नव्यानें लावणें आणि सबंध घरास रंग देणें, हीं दोन्ही कामें आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलीं. शिक्षकास वेळापत्रक आंखण्याची खोड असतेच. आम्हीं वाड्याचा नकाशा काढला आणि लाल-निळ्या शाईनें खोल्या वांटून टाकल्या. माडीवरील पूर्वेकडची उजेडाची खोली अर्थातच आमच्या ग्रंथांस मिळाली. वहिनींकडे माजघराशेजारची अंधारी खोली होती, ती तशीच राहिली. त्यांना ती आवडते, अशी आमची समजूत होती.

रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत अयोध्येची नगरदेवता मध्यरात्रीं कुशापुढें उभी राहून ओस नगरीची दशा सांगते. वाड्यांवरचा चुना काळवंडल्यामुळें चांदणेंही तेथें पूर्वीसारखें खुलत नाहीं, ही तिची एक तक्रार आहे. ‘सुधा’ म्हणजे अमृत आणि ‘सुधा’ म्हणजे चुनाही, ही कोटी आम्हीं आयुष्यभर मुलांस ऐकविली. चुना कसा असतो, तें मात्र सदुसष्टाव्या वर्षीं एका वृद्ध रंगाऱ्यानें आम्हांस शिकविलें.

आमच्या मनांत टिकाऊ तैलरंग द्यावयाचा होता. रंगाऱ्यानें वहिनींच्या खोलीच्या भिंतीवर तळहात टेकला व तो म्हणाला, “गुरुजी, ही भिंत आंतून रडते आहे. हिला आधीं मोकळी करा.” जुन्या वाड्यांच्या भिंतींत पायांतून ओल वर चढत असते. चुन्याची भिंत ती ओल हळूहळू बाहेर सोडते. तैलरंग तिचें तोंड बंद करतो. मग पाणी आंतल्या आंत चढत राहतें, लोणा फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. हा निळा तैलरंग बारा वर्षांपूर्वीं आमच्याच पैशानें दिलेला होता. “एकदांच काय तो कायमचा रंग द्यावा,” असें आम्हीं मोठ्या ऐटीनें लिहिलें होतें. “रंग छान दिसतो,” असें वहिनींचें उत्तर आलें होतें. त्यानंतर दर पावसाळ्यांत त्या खोकत, हें आम्हांस आतां सूनबाईंकडून कळलें.

खरवडावयास आरंभ झाला. निळ्याखालीं हिरवा रंग निघाला, हिरव्याखालीं जुना चुना, आणि त्यांत छातीइतक्या उंचीवर एक मातकट आडवी रेघ. ता. 12 जुलै 1961 रोजीं बांधकाम चालू असलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही कोसळलें आणि मुठेचें पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलें, त्या दिवसाची ती खूण. आम्ही त्या वेळीं दोन वर्षांचे होतों. वडिलांनीं चिखल उपसून स्वतःच्या हातानें घरास चुना दिला, असें बंधु सांगत. ती रेघ तशीच उघडी ठेवावी, असें आमच्या मनांत आलें. वहिनी म्हणाल्या, “पाणी आलं नि गेलं, भाऊजी. भिंतीला किती दिवस आठवण द्यायची?”

पुढची भिंत खरवडण्यासाठीं आमचें सागवानी कपाट हलविणें प्राप्त झालें. नोकरीवर जातांना पाठशाळेंतील पोथ्यापुस्तकें त्यांत भरून आम्हीं तें तेथें ठेविलें होतें. चौघांनीं तें सरकविलें, आणि मागें चौकाकडे उघडणारी खिडकी दिसली. आमच्या नकाशांत ही खिडकी नव्हती.

“वहिनी, हें कपाट कधींच कां हलविलें नाहीं?”

“तुमचीं पुस्तकं ना तीं! मी येईपर्यंत हात लावूं नका, असं तुम्हीच सांगून गेला होतां.”

खालच्या कप्प्यांतील पुस्तकें कसरीनें खाल्लीं होतीं. तीं सांभाळण्यासाठीं एक माणूस इतकीं वर्षें भर दुपारीं दिवा लावून बसत होतें. आमच्या तोंडून शब्द फुटेना. माडीवरची खोली आपण घ्यावी, अशी आम्हीं विनंती केली. वहिनी हांसल्या. “जिना चढायला गुडघे नकोत का? शिवाय देवघर इथून जवळ. मी इथंच बरी आहे. फक्त तें कपाट पुन्हां इथं ठेवूं नका.” इतक्या वर्षांत त्यांनीं आम्हांजवळ केलेली ही पहिलीच मागणी होय.

मग चुन्याचें काम निघालें. कळीचा चुना पिंपांत भिजविला, तेव्हां तो चुलीवरच्या आधणासारखा खदखदला. तो निवल्यावर फडक्यानें गाळून त्यांत थोडा डिंक व किंचित् नीळ घातली. भिंत ओली करून पातळ हात दिला, तों भिंतीवर नुसतें पाणी फिरविल्यासारखें दिसूं लागलें. आम्ही अधीर झालों. रंगारी म्हणाला, “उद्यां पाहा.” चुना हवेंतील वायु घेऊन पुन्हां दगड होत जातो आणि वाळतां वाळतां पांढरा दिसूं लागतो, त्यास वेळ द्यावा लागतो. तीन दिवसांत तीन हात झाले आणि ती रेघ दिसेनाशी झाली.

आतां सकाळीं वहिनी त्या खिडकीशीं बसून दिव्यावांचून पोथी वाचतात. भिंतीस पुन्हां लोणा लागेल, चुना पुन्हां द्यावा लागेल. तें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे. नकाशा फाडून टाकला. दीर्घ प्रवासानंतर घरीं परतणाऱ्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, कोणता रंग द्यावा हें ठरविण्यापूर्वीं आपलें कोणतें सामान कोणाच्या खिडकीपुढें उभें आहे, तें एकवार पाहून घ्यावें.