गाण्याच्या नावाचा प्रवास

बालमित्रांनो, कोल्हापूरला आलेला पाहुणा काय काय पाहतो? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, नवा राजवाडा आणि वेळ असला तर पन्हाळा. जाताना गूळ आणि कोल्हापुरी चपला घेतो. पण आज मी तुम्हाला याच शहरातल्या अशा एका ठिकाणी नेणार आहे, जे पाहायला सहसा कुणी जात नाही. तिथं एक थंडगार खोली आहे, तीन-चार संगणक आहेत आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचं एक उंच कपाट आहे. बस्, एवढंच! पण घराघरांत, दुकानांत, गाड्यांत वाजणारी गाणी तिथूनच निघतात. ते आहे एक खासगी एफेम रेडिओ केंद्र.

आमची शाळा राधानगरी तालुक्यातली. डिसेंबरात चौथीच्या मुलांची सहल काढली, तेव्हा हे केंद्र पाहायची परवानगी आम्ही आधीच मागून घेतली होती. सकाळी बस निघाली. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून सावकाश जात होतो. ड्रायव्हरकाकांनी रेडिओ लावला आणि एक ओळखीचं गाणं सुरू झालं, ‘ऐरणीच्या देवा’. आमच्या स्नेहसंमेलनात मुलींनी याच गाण्यावर नाच बसवला होता, त्यामुळे अख्खी बस गाऊ लागली.

पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र गायची थांबली. रेडिओच्या लहानशा पडद्यावर रोमन अक्षरं सरकत होती, ती तिनं एकेक अक्षर जुळवत वाचली : ‘ट्रॅक ०७ – अननोन आर्टिस्ट’.

“बाई, अननोन म्हणजे काय हो?”

“अनोळखी. माहीत नसलेला.”

“पण हे तर लता मंगेशकरांचं गाणं! त्या अनोळखी कशा?”

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, “आपण तिथंच निघालोय ना! त्यांनाच विचार.”

तर मुलांनो, रेडिओच्या पडद्यावर गाण्याचं नाव येतं कुठून? चला, माझ्याबरोबर आत या. चपला बाहेर काढा आणि लाल दिवा लागलेला असेल तर अगदी गप्प राहा, कारण तेव्हा माइक चालू असतो!

काचेच्या पलीकडे निवेदिका बसली होती. मुलांना वाटलं होतं, तिच्याजवळ तबकड्यांचे नाही तर सीडींचे ढीग असतील. तसं काहीच नव्हतं. समोरच्या संगणकावर एक लांबलचक यादी होती. गाणं, जाहिरात, केंद्राची धून, पुन्हा गाणं. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. आपल्या शाळेचं वेळापत्रक असतं ना, तसंच. फक्त तासातासाचं नाही, तर सेकंदासेकंदाचं! एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. हे काम करणाऱ्या संगणक-प्रणालीला ‘ऑटोमेशन’ म्हणतात, म्हणजे स्वयंचलित व्यवस्था. रात्री केंद्रात निवेदक नसला, तरी ही प्रणाली न झोपता गाणी लावत राहते.

केंद्राचे अभियंते आम्हाला सगळं समजावून सांगत होते. ते म्हणाले, “मुलांनो, या प्रणालीला गाणं ऐकू येत नाही बरं का! ती फक्त रकाने वाचते.”

म्हणजे काय? प्रत्येक गाण्याची संगणकात एक नोंद असते. तिच्यात रकाने असतात : गाण्याचं नाव, गायक, चित्रपट, गाण्याची लांबी आणि हे गाणं आहे की जाहिरात. गाणं सुरू झालं, की त्याच क्षणी प्रणाली त्या रकान्यांतला मजकूर एका लहानशा चिठ्ठीसारखा बाहेर टाकते. चिठ्ठी असते साधी, ‘आता हे गाणं सुरू झालं, ते अमक्यानं गायलं, इतकी मिनिटं चालेल’ एवढीच. ती संगणकांच्या जाळ्यातून तारेवरून पाठवतात किंवा एका ठरलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवतात.

आता ही चिठ्ठी उचलणारा कुणीतरी हवा. त्यासाठी दुसरी एक प्रणाली असते. तिला आपण पोस्टमन म्हणू. पण हा पोस्टमन नुसती पत्रं टाकत नाही, तो पत्रं तपासतोही! चिठ्ठी जाहिरातीची असेल, तर तो ती पुढे पाठवत नाही; त्याऐवजी केंद्राचं नाव पाठवतो. नाव फार लांब असेल, तर छाटतो. मग एकाच चिठ्ठीच्या नकला करून वेगवेगळ्या दारांवर टाकतो. एक नक्कल मनोऱ्याकडे, एक इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाकडे, एक मोबाइलच्या ॲपकडे आणि एक नोंदवहीत.

मनोऱ्याकडे जाणारी वाट सगळ्यांत गमतीची आहे. त्या लुकलुकणाऱ्या कपाटातली एक चपटी पेटी काकांनी दाखवली. तिचं नाव ‘आरडीएस एन्कोडर’. आरडीएस म्हणजे रेडिओ डेटा सिस्टिम. युरोपातल्या नभोवाणी संस्थांच्या संघानं १९८४ साली ही पद्धत ठरवली. आवाजाबरोबर अक्षरंही पाठवायची, पण ऐकणाऱ्याला ती ऐकू येता कामा नयेत!

हे कसं जमतं? आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० हजारांपर्यंतची कंपनं ऐकू येतात. एफेमवरचं गाणं १५ हजारांच्या आतच बसवलेलं असतं. आरडीएसची अक्षरं मात्र ५७ हजार कंपनांच्या लहरीवर बसून जातात. गाणं खालच्या मजल्यावर, अक्षरं वरच्या मजल्यावर. दोघंही एकाच घरातून बाहेर पडतात, पण एकमेकांच्या आड येत नाहीत.

या वरच्या मजल्यावरची वाट आहे मात्र अगदी अरुंद. सेकंदाला फक्त ११८७.५ बिट! बिट म्हणजे शून्य किंवा एक. ते १०४ बिटांच्या गठ्ठ्यांत बांधून पाठवतात. प्रत्येक गठ्ठ्याचे २६-२६ बिटांचे चार भाग असतात. त्या २६ पैकी १६ बिट मजकुराचे आणि १० बिट ताळा करून पाहायचे. गणितात तुम्ही उत्तराचा ताळा पाहता ना, तस्साच! रेडिओ ताळा पाहतो आणि चुकलेला तुकडा टाकून देतो. म्हणून पडद्यावर कधीकधी नाव यायला वेळ लागतो.

गाण्याच्या नावासाठी जागा असते ६४ अक्षरांची. बुद्धिबळाच्या पटावर घरं असतात, अगदी तितकीच. एका गठ्ठ्यात त्यातली चारच अक्षरं मावतात, म्हणजे पूर्ण ओळ पाठवायला १६ गठ्ठे लागतात. आणि एकदा पाठवून भागत नाही. एखादी गाडी नुकतीच बोगद्यातून बाहेर आलेली असते, कुणी आत्ताच रेडिओ लावलेला असतो. म्हणून तीच ओळ पुन्हा पुन्हा पाठवत राहावी लागते.

केंद्राच्या नावाला तर फक्त ८ घरं! रोमन लिपीत ‘कोल्हापूर’ लिहून पाहा बरं. के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर. बरोबर आठ! मुलांनी लगेच आपापल्या गावांची नावं बोटांवर मोजायला सुरुवात केली. ‘राधानगरी’ काही बसेना. आणि रोमन लिपीच का, असं विचाराल, तर आरडीएसच्या मूळ अक्षर-तक्त्यात आपली देवनागरी नाहीच!

इंटरनेटवरून जाणारं नाव वेगळ्या रीतीनं जातं. तिथं आवाजाचे डबे आगगाडीसारखे एकामागून एक निघतात आणि ठरावीक अंतरावर मध्येच नावाचा एक डबा जोडलेला असतो. पण ही गाडी काही सेकंद उशिरानं पोहोचते. पोस्टमननं वेळ सांभाळली नाही, तर आधीचं गाणं संपायच्या आतच पुढच्याचं नाव झळकतं!

हे सगळं ऐकून झाल्यावर बसमधल्या मुलीनं आपला प्रश्न विचारला. काकांनी नोंद शोधून काढली. झालं होतं असं : गाणं सीडीवरून संगणकात घेताना कुणीतरी नावाचे रकाने रिकामे सोडले होते. सीडीवरचं सातवं गाणं म्हणून संगणकानं आपलं लिहिलं, ‘ट्रॅक ०७’. आणि गायकाचा रकाना रिकामा, म्हणून ‘अननोन आर्टिस्ट’. पुढचं काम सगळ्यांनी चोख केलं. चिठ्ठी निघाली, पोस्टमननं पोहोचवली, एन्कोडरनं ताळ्यासकट मनोऱ्याकडे पाठवली. इतक्या हुशार यंत्रांनी मिळून ‘माहीत नाही’ एवढाच निरोप गावोगाव पोहोचवला!

काका म्हणाले, “तूच सांग, काय लिहू?” तिनं गाण्याचं नाव सांगितलं, लता मंगेशकरांचं सांगितलं. मग मी मुलांना विचारलं, “आणि गाणं लिहिलं कुणी? चाल कुणी लावली?” सगळे गप्प.

मुलांनो, हे गाणं १९६५ सालच्या ‘साधी माणसं’ या चित्रपटातलं. चित्रपट भालजी पेंढारकरांचा. त्यांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापुरातच होता. गाणं लिहिलं जगदीश खेबूडकरांनी. तेही आपल्या कोल्हापूरचेच, आणि गंमत म्हणजे पेशानं शिक्षक! संगीत ‘आनंदघन’ यांचं. हे आनंदघन म्हणजे दुसरं तिसरं कुणी नाही, तर स्वतः लताबाईच. या टोपणनावानं त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं.

काका जरा थांबून म्हणाले, “आमच्याकडून गाणं आणि गायक एवढी दोनच नावं जातात. बऱ्याच ठिकाणी असंच असतं.” तेव्हा एका मुलानं विचारलं, “पण काका, ६४ घरांत सगळी नावं मावतील की!” मग काय, फळा नव्हता तर वहीच्या पानावर गणित मांडलं. रोमन लिपीत गाण्याचं नाव १५ घरं, लता मंगेशकर १५, जगदीश खेबूडकर १७, आनंदघन ९. मधल्या मोकळ्या जागा धरून बेरीज झाली ५६. चार नावांच्या मध्ये तीन ठिकाणी रेघ द्यायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची, म्हणजे आणखी ९. एकूण ६५. एका घरानं हुकलं! पोरं हळहळली. तेवढ्यात मागून आवाज आला, “रेघ नको, स्वल्पविराम द्या!” स्वल्पविराम आणि एक जागा, म्हणजे तीन ठिकाणी मिळून ६. बेरीज ६२! चौघांची नावं बसली आणि वर दोन घरं शिल्लक. काकांनी ती ओळ आमच्यासमोर नोंदीत भरली.

तुम्ही म्हणाल, नावासाठी एवढा खटाटोप कशाला? गाणं तर ऐकू येतंच! याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. १९४९ साली ‘महल’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ हे गाणं फार गाजलं. पण त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! हे गाणारी आहे तरी कोण, असं श्रोते आकाशवाणीला विचारू लागले. तेव्हा कुठं खरं नाव लोकांना कळलं : लता मंगेशकर. पुढे विविध भारतीवर गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावं सांगायची पद्धत रुळली. तुमच्या आजी-आजोबांना गीतकारांची नावं तोंडपाठ असतात, ती यामुळेच.

आणि नावाला पैसाही जोडलेला असतो. गाणं रेडिओवर वाजलं, की गीतकाराला आणि संगीतकाराला त्याचं मानधन मिळण्याचा हक्क आहे. आपल्या देशात २०१२ साली कायद्यात बदल करून हा हक्क पक्का केला. कोणतं गाणं किती वेळा वाजलं, हे कळायला नोंदवही लागते. पोस्टमननं टाकलेली चौथी नक्कल आठवली? ती यासाठीच. तिच्यात ‘ट्रॅक ०७’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचे पैसे कुणाला द्यायचे? एकच नाव दोनदा वेगवेगळ्या स्पेलिंगनं लिहिलं, तरी संगणकाला ती दोन माणसं वाटतात! रकाना भरायला लागतो एक मिनिट. तो रिकामा राहिला, तर एखाद्या कवीची ओळख आणि कमाई दोन्ही बुडते.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आवडतं एक गाणं निवडा. गायक, गीतकार, संगीतकार कोण, ते आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा. नाहीच कळलं, तर वाचनालयात शोधा. मग वहीत ६४ चौकोन आखा आणि सगळी नावं रोमन लिपीत त्यांत बसवून दाखवा. अट एकच : कुणाचंही नाव गाळायचं नाही!