अरुणावतीकांठचे चार दिवस

शिरपुराहून बर्लिनच्या मॅरेथॉनला निघण्यास चार दिवस उरले आहेत. पहांटे अरुणावतीच्या पुलावर आम्ही मुद्दाम चालतच जातों. शर्यतीपूर्वी पायांस विसांवा हवा, हें पटतें. पण पावसानें धुतलेला रस्ता दिसला कीं पाय शिवशिवतात.

सन १९२० मध्यें अँटवर्पच्या ऑलिंपिकांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले ४२.७५ किलोमीटर धांवून १९ वे आले. त्यांचे सोबती सदाशिव दातार यांस मात्र शर्यत पुरी करतां आली नाहीं. हल्लीं आम्हांस दातारच अधिक आठवतात.

आईनें दशम्या बांधून देण्याचा हट्ट धरला आहे. ऐन वेळीं पोटास नवें अन्न देऊं नये, एवढ्यापुरतें तिचें व जाणत्या धांवकांचें एकमत!

काल ओट्यावर काकांनीं विचारलें, "मधेंच थांबावें लागलें, तर तसें सांगशील ना रे?" आम्हीं होकार दिला.