सुगंधाचे मोल

पिंपरी-चिंचवडहून थोडे पुढे, तळेगाव-मावळच्या हरितगृहांत उत्तम गुलाब फुलतात. फेब्रुवारीत ते परदेशी रवाना होतात. दिसायला देखणे, लांब देठाचे. परंतु हुंगावे तर सुवास जवळजवळ नाहीच. प्रवासात टिकण्यासाठी निपजवलेल्या वाणांत गंध मागे पडला. सुगंध आता बाटलीतून घ्यायचा, अशी जणू वाटणीच झाली आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अभियंता या बाटल्यांचा मोठा शौकीन. एकदा त्याने सुगंधात बुडवलेल्या कागदी पट्ट्या आमच्यापुढे मांडून आमचे मत विचारले. ‘४७११’ या जर्मन कलोनचा लिंबू-संत्र्याचा ताजेपणा घाईच्या पाहुण्यासारखा आला आणि गेला. एर्नेस्त बो यांनी १९२१ साली घडवलेल्या ‘शनेल नंबर ५’ मध्ये जाई-गुलाबाच्या सुवासाला अल्डिहाइड या रसायनांची झळाळी आहे; आम्हांस परीटघडीच्या शुभ्र वस्त्राची आठवण झाली. कनौजचे मातीचे अत्तर मात्र थेट मृगाच्या सरीत घेऊन गेले. भाजलेल्या मातीचा गंध तांब्याच्या देगेतून वाफेवाटे चंदनतेलात उतरवतात, ही त्याची रीत.

शेवटची पट्टी हुंगताच आम्ही थबकलो. हा तर वेदीपुढचा धूप! ‘कॉम दे गार्सों’ या जपानी फॅशनगृहाने २००२ साली काढलेला हा सुगंध. नाव ‘आव्हिन्यों’, चौदाव्या शतकात पोप जेथे राहत त्या फ्रेंच नगराचे. अशा सुगंधांना जाणकार ‘नीश’ म्हणतात. सर्वांना आवडण्यासाठी नव्हे, तर मोजक्या रसिकांसाठी ते घडवले जातात.

“फादर, धूप अंगाला लावणे गैर आहे का?” त्याने विचारले.

निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात निवासमंडपाचा धूप स्वतःच्या सुखासाठी बनवण्यास मनाई आहे. पण बेथानीच्या मरियेचेही आम्हांस स्मरण झाले. तिने ओतलेल्या जटामांसीच्या तेलाची किंमत यहूदाने तीनशे दिनार सांगितली, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. प्रभूने तिला दोष दिला नाही. तेव्हा प्रश्न किमतीचा नसून, ते कोणासाठी ओतले याचा आहे.

या तरुणाचे वडील चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून रविवारी थेट मिस्सेला येतात. कपड्यांना कूलंटचा वास येतो म्हणून संकोचाने शेवटच्या बाकावर बसतात. मुलगा पुढे बसतो. त्याच वासावर त्याचे शिक्षण झाले आहे. आम्ही त्याला इतकेच म्हणालो, “अत्तर खुशाल लाव, बाळा. पण येत्या रविवारी बाबांशेजारी बस.” तो काही बोलला नाही, पट्ट्या गोळा करून निघून गेला. रविवारी शेवटच्या बाकावर दोघे होते.

धूपाच्या झाडाला चीर दिल्यावाचून डिंक पाझरत नाही, आणि निखाऱ्यावर पडल्यावाचून तो दरवळत नाही. पवित्र सप्ताहात महागुरुस्वामी ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून ते पवित्र करतात. दृढीकरणाच्या वेळी तेच तेल मालकाच्या लेकराच्या कपाळी लागते आणि मजुराच्या लेकराच्याही. त्याला ना नीश म्हणता येते, ना बाजारी. त्याची किंमत आम्हांस आजवर कोणी विचारलेली नाही.